बाजाराच्या दिवशी टोचलेली फाइल

विचारणारी मुलगी एकवीस वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात आठ महिन्यांपासून मदतनीस म्हणून लागली आहे. कोर्स वगैरे काही केलेला नाही, काम बघत बघत शिकली. मागच्या आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी होती. टबातली हत्यारं घासताना रूट कॅनलची फाइल, म्हणजे दाताची नळी साफ करायची बारीक टोकदार तार, ग्लोव्हजमधून बोटात शिरली आणि रक्त आलं. तिने स्पिरिट लावलं, पट्टी बांधली आणि कुणालाच सांगितलं नाही. त्याला आज सहा दिवस झाले. आता झोप लागत नाही आणि आई म्हणते, नोकरी सोड. तिचं विचारणं असं की मला एड्स होईल का, आणि या कामात एवढा धोका असतो तर मी राहू की नको?

मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करते आहे. आधी खासगी दवाखान्यात होते, मग सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात आले. म्हणून मोठ्या बहिणीच्या नात्याने बोलते. राग मानू नकोस.

आधी सहा दिवसांचं बोलू. एचआयव्हीसाठी टोचल्यानंतर ज्या गोळ्या देतात त्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत. मग त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. तुझी ती वेळ निघून गेली. हे मी गोड करून सांगणार नाही. पण घाबरण्याआधी आकडे ऐक. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीन. तो हिशोब मुख्यतः पोकळ सुईचा आहे, कारण तिच्या पोटात रक्त साठतं. तुझी फाइल भरीव तारेची, ती आली पाण्याच्या टबातून, आणि ग्लोव्हजच्या रबरातून शिरताना तिच्या अंगावरचं बरंच काही रबरालाच पुसलं गेलं. शिवाय ज्या पेशंटची ती फाइल होती त्याला एचआयव्ही असेलच असं कुठे आहे? म्हणजे तुझा धोका हजारात तीनपेक्षाही पुष्कळ कमी.

मला तुझी काळजी वाटते ती दुसऱ्या आजाराची, आणि त्याचं नाव तुझ्या प्रश्नात आलेलंच नाही. हिपॅटायटिस बी, आपल्याकडे लोक ज्याला 'काविळीतली वाईट काविळ' म्हणतात. लस न घेतलेल्याला या आजाराच्या रक्ताची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत जणांना लागण होऊ शकते. हजारात तीन नव्हे, शंभरात तीसपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, ट्रेच्या कडेला निदान सात दिवस जिवंत राहतो. हिपॅटायटिस सीचा धोका शंभरात दोनहून कमी. त्याच्यावर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बरा होतो. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

तू बी ची लस घेतली आहेस की नाही हे लिहिलं नाहीस, म्हणजे घेतलेली नसणार. लहानपणीही बहुधा मिळाली नसेल, कारण बालकांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली ती २०११-१२ च्या सुमारास. तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम हे: ग्रामीण रुग्णालयात जा आणि 'दवाखान्यात काम करताना हत्यार टोचलं' असं स्पष्ट सांग. तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्रात, तपासणी होईल. तिथे नाव गुप्त ठेवतात आणि पैसे लागत नाहीत. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्याही मागून घे. उद्याचे रिपोर्ट हे या टोचण्याचे नसतात, 'टोचण्याआधी मी कशी होते' त्याचा तो पुरावा असतो. पुढे एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, काविळींची सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस बी ची लस उद्याच सुरू कर. पेशंटला हिपॅटायटिस बी असल्याचं माहीत असतं तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही देतात. ते २४ तासांच्या आत चांगलं, जास्तीत जास्त सात दिवसांच्या आत. तुझी फाइल कुणाची होती हेच कळत नाही, त्यामुळे ते द्यायचं की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. पण तू सहाव्या दिवशी आहेस. परवा गेलीस तर तो प्रश्नच उरणार नाही, म्हणून उद्याच जा.

पुढच्या वेळेसाठी (आणि या कामात पुढची वेळ येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस): टोचलं की ग्लोव्हज काढ, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट, डेटॉल, ब्लीचिंग असलं काही ओतायचं नाही. चामडी जळली की उलट वाट मोकळी होते. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने धुवत राहायचं, लेन्स असेल तर धुऊन झाल्यावर काढायची. मग लगेच डॉक्टरांना सांगायचं. पेशंट अजून खुर्चीवर किंवा बाहेरच्या बाकड्यावर असतो. त्याला विनंती करून त्याची तपासणी करता येते, आणि त्याच्या एका रिपोर्टवर तुझे तीन महिने शांततेत जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका दवाखान्यात होते. कोणता ते सांगत नाही. डॉक्टरांनी दाढ काढली आणि इंजेक्शन ट्रेमध्ये टाकलं, टोपण न लावता. वर रक्ताचे दोन-तीन बोळे पडले. पेशंट उठला, मी बोळे मुठीत घेतले आणि बोळ्याखालची सुई सरळ तळहातात. डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "काही होत नाही, डेटॉल लाव, पुढचा पेशंट घे." मी घेतला. नंतर दोन महिने रात्री उठून बसायचे. शेवटी माहेरी जाते असं सांगून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन तपासून आले, कारण आपल्या गावात लॅबवाला ओळखीचा. रिपोर्ट चांगला आला. पण ते दोन महिने सुईने दिले नाहीत, मी गप्प बसले त्याने दिले. त्यानंतर मी एक नियम केला आणि पुढे ज्यांच्या ज्यांच्याकडे काम केलं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला: ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची. माझ्या हातात उघडी सुई यायची नाही. काही डॉक्टर हसले, एक जण चिडले. पण पाळला सगळ्यांनी.

आता तुझ्या कामाकडे येते. बाहेरच्या लोकांना वाटतं, धोका असतो तो मशीन चालू असताना, तोंडात रक्त दिसतं तेव्हा. मी इतकी वर्षं पाहते, आपल्यासारख्या मदतनिसांना टोचतं ते पेशंट उठून गेल्यावर. ट्रे उचलताना, टबात हात घालताना, पिशवी बांधताना. डॉक्टरांचा धोका पेशंटच्या तोंडात, आपला सिंकपाशी. आणि सिंक कुठे असतं? मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे बल्ब चाळीस वॅटचा आणि शेजारी चहाचे कप. सुरक्षिततेचा विचार सुरू करायचा तो तिथून. पहिला खर्च ट्यूबलाइटचा.

टबात हात घालून मूठभर हत्यारं काढायची सवय कायमची सोड. दात तपासायच्या प्रोबची दोन्ही टोकं अणकुचीदार असतात, कीटण काढायच्या स्केलरचीही, आणि फेसाच्या पाण्यात दिसत काही नाही. भांडी घासायचे जाड रबरी ग्लोव्हज मिळतात ना, किराणा दुकानात, कोपरापर्यंतचे? हत्यारं धुताना तेच घालायचे. पेशंटजवळ घालतो ते पातळ ग्लोव्हज धुण्याच्या कामाचे नाहीत. हत्यारं वापरून झाली की आधी साबणाच्या किंवा एन्झाइमच्या पाण्यात बुडवून ठेव, रक्त वाळू देऊ नकोस, म्हणजे घासायलाच कमी लागतं. मग चिमट्याने एकेक उचल. लांब दांड्याच्या ब्रशने पाण्याच्या आत घास. नळाच्या धारेखाली घासलं की शिंतोडे उडतात, थेट तोंडावर. चष्मा आणि मास्क त्या वेळीही हवा. मास्क फक्त पेशंटसमोर लावायचा असतो असा आपल्याकडे एक समज आहे, तो कुठून आला कुणास ठाऊक.

फाइल आणि बर (दात कोरायच्या मशीनचं बारीक टोक) मोठ्या हत्यारांत टाकायच्याच नाहीत. मी एक युक्ती केली होती: चहाची स्टीलची गाळणी. दोन घेतल्या, एकावर एक पालथ्या घालून तारेने बांधल्या, आत फाइल आणि बर. ती गाळणीच साबणाच्या पाण्यात हलवायची, तीच खळाळायची. बोट आत जातच नाही. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर उत्तमच, पण तालुक्याच्या दवाखान्यात ते क्वचित. आणि काम चालू असताना फाइल डॉक्टरांच्या हाती देताना बोटाने पुसायच्या नाहीत. स्पंजच्या तुकड्यात खोचून ठेवायच्या आणि डॉक्टरांनीच तिथून घ्यायच्या.

दुसरी एक जागा कुणी सांगत नाही. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, खुर्चीला अडकवलेला असतो, त्यात बर तसाच बाहेर डोकावत असतो. तू सक्शन (लाळ-पाणी ओढायची नळी) घ्यायला वाकतेस आणि मनगटाला, नाहीतर कंबरेला ओरखडा बसतो. 'खरचटलं' म्हणून आपण सोडून देतो. ते खरचटणं नाही, पेशंटच्या लाळेत आणि रक्तात बुडालेली धातूची टोकदार वस्तू आहे. डॉक्टरांना सांग, काम थांबलं की बर काढा. निदान टोक आतल्या बाजूला वळवून अडकवा.

सुईवर टोपण दोन हातांनी बसवायचं नाही. बसवायचंच असेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवून उचलायची, दुसरा हात पाठीमागे. मी खरंच पाठीमागे ठेवायला लावते. शिकाऊ मुली हसतात, पण सवय लागते. भूल द्यायच्या औषधाचं पण बघ. आपल्याकडे एकेका पेशंटचं काडतूस कमी, तीस मिलीची लिग्नोकेनची बाटलीच जास्त. एका पेशंटला भूल कमी पडली की तीच वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घालून औषध ओढतात. त्या एका क्षणात ती बाटली पुढच्या दहा पेशंटसाठी खराब झाली. बाटली हातात धरून उभी तूच असतेस. "सर, नवीन सिरिंज देऊ का?" एवढंच विचारायचं. उलट बोलल्यासारखं वाटत नाही आणि काम होतं.

आपल्या भागाची एक गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. त्यामुळे आपल्याकडे तोंड न उघडणारे पेशंट फार. गाल आतून लाकडासारखे कडक, तोंड कसंबसं दोन बोटं उघडतं. त्या फटीत डॉक्टरांचा आरसा, एअरोटर, सुई, तुझं सक्शन आणि वर तुझं बोट गाल ओढायला. अशा तोंडात बोट घालायचंच नाही, गाल आरशाने किंवा रिट्रॅक्टरने ओढायचा. असा पेशंट दुखलं की दचकून चावतोही, त्याला तरी काय दोष द्यायचा. डॉक्टरांना अपॉइंटमेंट देताना सांग की खर्ऱ्याचा पेशंट आहे, वेळ जास्त ठेवा. घाईत केलेल्या भुलीच्या इंजेक्शनाइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

आणि घाई म्हणजे बाजाराचा दिवस. खेड्यावरची माणसं त्याच दिवशी येतात, कारण एसटीचं भाडं एकदाच पडतं. बी-बियाणं, किराणा आणि दात एकाच फेरीत. चाळीस पेशंट, आणि हत्यारांचे सेट असतात आठ. मग काय होतं? सेट कमी पडला की नुसता द्रावणात बुडवून काढला जातो. ग्लुटाराल्डिहाइडच्या दोन टक्के द्रावणात वीस मिनिटं ठेवलं तर बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणूंसकट (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) सगळं मरायला दहा तास लागतात. पाच मिनिटं बुडवणं म्हणजे हत्याराला आंघोळ घालणं. उकळत्या पाण्याचंही तेच, त्याने बीजाणू मरत नाहीत. वर त्या द्रावणाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हाताची कातडी सोलते, आणि ते भोगणार तू, डॉक्टर नाहीत. झाकण बंद, खिडकी उघडी, जाड ग्लोव्हज. खरा उपाय एकच: सेट वाढवायचे. आरसा-प्रोब-ट्विझरचे वीस सेट झाले की बाजाराच्या दिवसाची निम्मी घाई संपते. हे डॉक्टरांना पैशाच्या भाषेत सांगितलं तर जास्त पटतं.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, तुमच्याकडे उभा, कुकरसारखा असेल असं धरते. त्यात तीन चुका होतात. हवा पूर्ण बाहेर जाऊ न देता वाल्व बंद करणं. शिट्टीपासून वेळ मोजणं, म्हणजे काटा १५ पौंडांवर, १२१ अंशांवर यायच्या आधीच. आणि तिसरी आपली खास: मध्येच लाइट जाणं. लाइट पंधराव्या मिनिटाला गेली आणि परत आली की 'उरलेली पाच मिनिटं' करायची नसतात, सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह चालत नाही, त्यामुळे भारनियमनाचं वेळापत्रक बघून सकाळीच लावून घ्यायचा. कात्री, फोर्सेप उघड्या ठेवायच्या, खच्चून भरायचं नाही, पाकिटं ओली काढायची नाहीत. पाकिटाला लावायच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे गरमी लागली एवढंच कळतं, जंतू मेले हे कळत नाही. ते कळायला बीजाणूंची चाचणी असते. तिच्या पट्ट्या नागपूरच्या डेंटल डेपोत मिळतात. पाणी बोअरचं खारं घालू नकोस, काटा अडकतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड चालतं.

एअरोटरच्या पाण्याबद्दलही थोडं. छपरावरच्या टाकीतलं पाणी रात्रभर बारीक नळीत साचून राहतं आणि नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाईंचा मृत्यू दातांच्या दवाखान्याच्या अशाच पाण्यातल्या लिजिओनेला जंतूंमुळे झाला होता. तो फवारा पेशंटइतकाच तूही श्वासात घेतेस. सकाळी दोन मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर अर्धा मिनिट पाणी सोडून द्यायचं. बाटलीवालं युनिट असेल तर रात्री बाटली रिकामी करून पालथी ठेवायची.

हवेचं म्हणशील तर मला एचआयव्हीपेक्षा टीबीची भीती जास्त वाटते. खोकणाऱ्या माणसाचं स्केलिंग करताना जो धुरासारखा फवारा उठतो, तो पेशंट गेल्यावरही बराच वेळ खोलीत तरंगतो. काउंटरवर तूच बसतेस ना? तूच विचार: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, वजन उतरलं का, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का? हो म्हणाला तर त्याला मास्क दे, बाहेर ओसरीवर बसव, डॉक्टरांना सांग. दुखणं असह्य नसेल तर तपासणी होईपर्यंत काम पुढे ढकलता येतं. स्केलिंग आणि एअरोटरला एन-९५, साध्या कामाला साधा तीन पदरी. ओढणी हा मास्क नव्हे. सक्शनची नळी दाताच्या जवळ धरलीस तर निम्मा फवारा तिथेच गिळला जातो, ते तुझ्याच हातात आहे. मे महिन्यात सगळं बंद करून कूलर लावतात, ते चुकतं. कूलर खिडकीत बाहेरून हवा ओढणारा हवा, समोरची खिडकी उघडी हवी, आणि वारा तुझ्या पाठीकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर जायला हवा. खोलीतलीच हवा फिरवणारा कूलर कपडे वाळवायला ठीक.

डोळ्यांना चष्मा, बाजूने झाकणारा. दातावरचं कीटण उडून डोळ्यात गेलं की आठवडा जातो. ओठावर पुरळ असलेल्या पेशंटला उघड्या बोटाने हात लावला तर नखापाशी पाण्याने भरलेले, ठणकणारे फोड येतात. ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असतात आणि पुन्हा पुन्हा उठतात. मला १९९९ साली झालेत, अजूनही थकले की बोट ठणकतं. तेव्हा आम्ही एकच ग्लोव्हजची जोडी स्पिरिटने पुसून दिवसभर वापरायचो. धुतलेल्या ग्लोव्हजला न दिसणारी भोकं पडतात. एक पेशंट, एक जोडी. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल, नोटा, अपॉइंटमेंटची वही, एक्स-रेचं बटण, नाक यांपैकी कशालाच हात लावायचा नाही. लाइटच्या दांडीला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळ, दर पेशंटला बदल. हिवाळ्यात हात फुटतात तेव्हा खोबरेल तेल लावून लॅटेक्सचे ग्लोव्हज घालू नकोस, तेलाने रबर कुजतं. तेल रात्री.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे. माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी हिरवा चुडा काढायला साफ नाही म्हटलं होतं. काच फुटून ग्लोव्हज फाटतात, आत घाण साचते. मी त्यांना दवाखान्यात नेऊन एक दिवस बसवलं. संध्याकाळी त्यांनीच एक डबी आणून दिली, म्हणाल्या, "जाताना काढ, येताना घाल." तुझं लग्न झालेलं नाही, पण अंगठी आणि लांब नखं ही आहेतच. आणि अप्रन घरी नेऊन लेकरांच्या कपड्यात धुवायचा नाही, वेगळा गरम पाण्यात.

हत्यारं स्वच्छ करणं आणि कचरा टाकणं ही एकाच कामाची दोन टोकं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज, सक्शनच्या नळ्या, सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. डबा पाऊण भरला की बंद, वर दाबून जागा करायची नाही. तशाच दाबण्यात माझ्या सोबतच्या एका बाईच्या तळहातातून ब्लेड गेलं होतं. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे. गाडी वेळेवर येत नसेल तर डॉक्टरांना फोन करायला लाव, पण दवाखान्यामागे जाळू नकोस आणि घंटागाडीत टाकू नकोस. तो वेचणारी पण कुणाची तरी पोरगीच असते. रक्त सांडलं तर आधी कागद टाकून त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी), दहा मिनिटं, मग पुसायचं. सक्शनची बाटली रिकामी करण्याआधीही तेच.

पेशंट विचारतात, "काहून वो बाई, एवढे मोजे कायले घालता? आमाले काय रोग हाय का?" मी म्हणते, "माझ्याकडून तुम्हाले काही लागू नये म्हणून." खोटंही नाही. सगळ्यांशी सारखंच वागायचं. एचआयव्ही आहे असं सांगून येणारा, गोळ्या नियमित घेणारा पेशंट, आपल्याला काही माहीतच नसलेल्या पेशंटपेक्षा कमी धोक्याचा. त्याच्यासाठी दोन-दोन ग्लोव्हज आणि बाकीच्यांसाठी उघडे हात, याला सावधपणा म्हणत नाहीत.

आता डॉक्टरांशी बोलायचं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य, दात साफ करणारे हायजिनिस्ट आणि कवळी बनवणारे मेकॅनिक यांच्या नोंदीची तरतूद होती, आपल्यासारख्या मदतनिसांची नव्हती. त्यामुळे आपण कागदावर कुणीच नसतो असं वाटतं. पण तसं नाही. कचऱ्याच्या त्याच नियमांत लिहिलेलं आहे की हे काम करणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मालकाने द्यायची. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे अशा कामात संरक्षणाची साधनं, शिकवण आणि टोचल्यानंतरच्या गोळ्यांची सोय करणं ही दवाखान्याची जबाबदारी. हे कायदे तोंडावर फेकू नकोस. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की म्हण, "सर, मला मागच्या आठवड्यात फाइल टोचली, मी घाबरून बोलले नाही. लसीचे तीन डोस, जाड ग्लोव्हज आणि चष्मा एवढं करून द्या." हे सगळं मिळून एका रूट कॅनलच्या फीएवढंही होत नाही. नव्वद टक्के डॉक्टर ऐकतात, निम्मे शरमतात. ऐकलं नाही तर लस स्वतःच्या पैशाने घे आणि दुसरा दवाखाना बघ. मग आईचं म्हणणं मलाही पटेल.

लसीचा पहिला डोस उद्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्यानंतर महिना-दीड महिन्याने अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घे. १० किंवा त्याहून जास्त आलं तर तू सुरक्षित. कमी आलं तर पुन्हा तीन डोस. ही टायटरची गोष्ट बहुतेक जणी करतच नाहीत.

आईला सांग, सगळे रिपोर्ट येईपर्यंत तेवढं रक्तदान करायचं नाही, टूथब्रश आणि ब्लेड कुणाचं वापरायचं नाही की कुणाला द्यायचं नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, अंथरूण वेगळं करायची नाही, भावाच्या लेकराला कडेवर घ्यायलाही हरकत नाही. आणि ग्रामीण रुग्णालयात जाताना तिलाच सोबत ने. एकटी गेलीस तर बाहेरच्या बाकड्यावरून परत येशील, मी आले होते तशी.